सान गास्पारचा मुक्काम

जनरल बाल्तासार यांनी होंडुरास देशाचे प्रांत नव्याने पाडले, आणि तोमासा कुंभारणीची माती हातची गेली.

जनरलसाहेब देशाचे अध्यक्ष. नकाशा टेबलावर पसरून, तांबडी पेन्सिल घेऊन एका बैठकीत त्यांनी सगळे प्रांत आखले. कुठे डोंगर आहे, कुठे माणसं राहतात, असलं काही विचारत बसले नाहीत. विचारत बसलं की हात थरथरतो, असं त्यांचं म्हणणं! त्यातली एक रेघ नेमकी एका ओढ्यावरून गेली. ओढ्याच्या पश्चिमेला ग्वालका, कुंभारांचं गाव. पूर्वेला इरामा, आणि इरामाच्या शिवारात ती काळी चिकणमाती, जिच्यावाचून ग्वालकात साधं मडकं होत नसे. नव्या कायद्याने एका प्रांताची माती दुसऱ्या प्रांतात न्यायला बंदी झाली. ओढ्यावर चौकी बसली, चौकीत शिपाई बसला, आणि ग्वालकातल्या भट्ट्या थंड पडल्या.

तोमासा विधवा होती. तीन मुलींचं पोट त्या मडक्यांवर. जनरलसाहेब नव्या प्रांतांच्या पाहणीला आले, तेव्हा ती सरळ त्यांच्या खेचरासमोर जाऊन उभी राहिली.

"साहेब, आमचं गावही पूर्व प्रांतात घाला. म्हणजे माती मिळेल."

"माझी रेघ हलत नाही," जनरल म्हणाले. "आणि मी एकदा दिलेला शब्द आजवर फिरवलेला नाही."

"मग मातीशिवाय मडकं कसं घडवायचं, तेवढं शिकवून जा."

मागच्या शिपायांनी हसू गिळलं. जनरलनी मिशीला पीळ दिला. असल्या बायकांना कसं गप्प करायचं, हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे असा त्यांचा समज होता.

"बरं. रेघ हलवायची नाही. एक घर हलवायचं नाही. एकाही माणसाने बिऱ्हाड हलवायचं नाही. तरीही तुझं गाव पूर्व प्रांतात नेऊन दाखव. नाताळ झाला की मी येतो. जमलं तर माती तुमची. नाही जमलं, तर भर चौकात माझी माफी मागायची आणि पुन्हा मातीचं नाव काढायचं नाही."

तोमासाने एवढंच विचारलं, की गाव कुठल्या प्रांतात आहे हे सरकार ठरवतं तरी कशावरून?

"गावाचा संत ज्या प्रांतात, गाव त्या प्रांतात," जनरल ऐटीत म्हणाले. "कायदाच आहे तसा. माणसं सोयीप्रमाणे गाव सांगतात, म्हणून मी ते संतांवर सोपवलं."

तोमासा मान लववून घरी गेली. बाई खचली, असं समजून जनरल खुशीत पुढच्या गावाला गेले.

आता त्या डोंगरातली एक रीत सांगायला हवी. शेजारच्या दोन गावांतले लाकडी संत वर्षातून एकदा एकमेकांकडे पाहुणे जातात. ढोल वाजतो, बासऱ्या वाजतात, जुनी भांडणं मिटतात. याला ग्वांकास्को म्हणतात. डिसेंबरात ग्वालकाचा सान गास्पार इरामाच्या सांता लुसियाकडे जाई. त्याला तिच्या शेजारी बसवत, पुढ्यात गरम तमाल, म्हणजे पानात गुंडाळून वाफवलेला मक्याच्या पिठाचा गोळा, ठेवत. आणि नियम असा, की पाहुण्याला यजमानाने 'निघा' म्हणायचं नाही. संत आपणहून उठेल तेव्हा उठेल. तो उठला की नाही, हे त्याला घेऊन आलेली बाई सांगणार. दरवर्षी यजमानांचा मका संपत आला की ती बाई समजून घेई, आणि संत उठे.

त्या वर्षी संताला नेण्याचा मान तोमासाने मागून घेतला. चौकीवरच्या शिपायाने अडवलं नाही. त्याच्या कायद्यात माती होती, लाकूड नव्हतं. सान गास्पार इरामाच्या देवळात जाऊन बसला, आणि बसला तो बसलाच. नाताळ आला नि गेला, तरी उठायचं नाव नाही.

जनरल आले. ग्वालका होतं तिथंच पाहून त्यांना गुदगुल्या झाल्या. तोमासा त्यांना ओढ्यापलीकडे इरामाच्या देवळात घेऊन गेली. तिथे नाकाचा रंग उडालेला सान गास्पार सांता लुसियाशेजारी आरामात बसला होता, पुढ्यात ताजा तमाल.

"आमचा संत पूर्व प्रांतात आहे, साहेब. तुमच्या कायद्याने गावही."

जनरलचा चेहरा तांबडा झाला. "याला आत्ताच्या आत्ता परत पाठवा!"

इरामाची सगळ्यांत म्हातारी बाई, पेत्रोना आजी, कोपऱ्यातून उठली. "पाहुण्याला जा म्हणायचं? कुठल्या घरात वाढलास रे बाबा तू?"

अध्यक्ष झाल्यापासून जनरलना हे कुणी विचारलं नव्हतं.  त्यांनी तोमासाला फर्मावलं, की तू सांग त्याला उठायला.

"रोज विचारते. नाही उठत म्हणतो. तुम्ही बघा सांगून. तुमचं सगळे ऐकतात."

आणि खरोखर, जनरलनी टोपी काढली, पुन्हा घातली, सान गास्पारसमोर ताठ उभे राहिले आणि प्रजासत्ताकाच्या नावाने त्याला निघून जायचा हुकूम सोडला. सान गास्पार त्यांच्या खांद्यावरून भिंतीकडे बघत राहिला. शिपाई छताकडे बघत राहिले.

"मी कायदाच बदलतो," जनरल शेवटी गुरगुरले.

"बदला की, साहेब," तोमासा म्हणाली. "उद्या सगळ्या होंडुरासात म्हणतील, जनरलसाहेबांनी जन्मात एकदाच शब्द फिरवला, तोही एक लाकडाचा म्हातारा ऐकेना म्हणून."

जनरलची मिशी आधी थरथरली. मग खांदे. मग ते देवळाच्या पायरीवर मटकन बसले आणि डोळ्यांत पाणी येईतो हसले. शब्द शाबूत राहिला होता आणि हरणंही पदरात पडलं होतं, दोन्ही एकदम, आणि असं त्यांच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं.

माती त्याच दिवशी मोकळी झाली. ओढ्यावरची चौकी जनरलनी तोमासाला कच्ची मडकी सुकवायला देऊन टाकली. आणि चौकीतल्या शिपायाने मातीची पहिली टोपली स्वतःच्या डोक्यावरून ग्वालकात पोचवली, कारण हुकूम जनरलचा होता आणि तोमासा पुढे चालत त्याला रस्ता दाखवत होती.