आवाज बंद केलेली मुलाखत

पिंपळदरा नावाच्या गावात अच्युतराव बिडवे नावाचे एक मुलाखतकार राहत होते. गावची केबलवाहिनी इवलीशी, पण तिचा दरारा मोठा, आणि तो दरारा अच्युतरावांमुळे होता. निवडणूक आली की ते एकेका उमेदवाराला समोर बसवायचे आणि प्रश्न विचारायचे. लोक जेवणं लवकर उरकून टीव्हीसमोर बसायचे. अच्युतराव कुठल्याही उमेदवाराच्या घरचा चहासुद्धा घेत नाहीत, अशी त्यांची ख्याती होती. ती खरी होती. खरी असल्यामुळेच अच्युतरावांना तिचा जरा जास्त अभिमान होता.

त्या वर्षी सरपंचपदाला दोघे उभे होते. एक दौलतराव काळोखे. त्यांचं खतांचं दुकान होतं, कपडे नेहमी कडक इस्त्रीचे आणि बोलणं लाघवी. दुसऱ्या यमुनाताई लोहकरे, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्सबाई. त्यांचा आवाज चढा, बोलणं तुटक. अच्युतरावांनी दोघांना अकरा-अकरा प्रश्न विचारले, घड्याळ लावून वीस-वीस मिनिटं दिली. एक प्रश्न इकडे जास्त नाही की तिकडे कमी नाही. घरी जाताना ते स्वतःवर बेहद्द खूश होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दाढी करायला दिगंबरच्या सलूनमध्ये गेले. तिथल्या टीव्हीवर कालच्याच मुलाखती पुन्हा लागल्या होत्या, पण आवाज बंद होता. दिगंबरचा तो नियमच होता. निवडणुकीचं बोलणं कानावर पडलं की गिऱ्हाईक तावातावाने मान हलवतं, आणि वस्तरा गळ्यावर असताना मान हलवलेली कोणाच्याच फायद्याची नसते. म्हणून मतदान होईपर्यंत दिगंबर टीव्हीचा आवाज बंद ठेवायचा.

अच्युतरावांच्या तोंडाला साबणाचा फेस फासलेला होता. शेजारच्या खुर्चीत वाटेवर थांबलेला एक ट्रकवाला दिगंबरच्या मदतनीसाकडून केस कापून घेत होता. तो या गावचा नव्हता. फेसाआडचे अच्युतराव त्याला ओळखू येणं शक्यच नव्हतं. पडद्यावर दौलतराव बोलत होते आणि अच्युतराव पुढे झुकून माना डोलावत होते. मधेच हसत होते. दौलतरावांना ठसका लागला, तर त्यांनी स्वतः उठून पाण्याचा ग्लास पुढे केला.

"सोयरीक जमतेय वाटतं," ट्रकवाला म्हणाला.

मग यमुनाताई आल्या. आता अच्युतराव खुर्चीत मागे रेलले होते. कपाळाला आठ्या होत्या. बाईंनी तोंड उघडलं की त्यांना थांबवायला अच्युतरावांचा हात वर जाई. दर थोड्या वेळाने त्यांची नजर घड्याळाकडे वळत होती.

"या बाईनं ह्याचं काय घोडं मारलंय?" ट्रकवाल्याने विचारलं.

दिगंबरचा वस्तरा थांबला. पडद्यावरचा माणूस अच्युतरावांना अनोळखी वाटत होता आणि तो तेच होते. फेसाखाली त्यांचा चेहरा लाजेने तापला. आपण कोणाचा चहा घेतला नाही, प्रश्न मोजून विचारले, वेळ मोजून दिला, आणि मत मात्र मुलाखतीआधीच मनात देऊन मोकळे झालो, हे त्यांना त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळलं.

घरी येऊन त्यांनी प्रश्नांचे कागद काढले. दौलतरावांना विचारलं होतं, गावाविषयी तुमचं स्वप्न काय? यमुनाताईंना विचारलं होतं, नळाला चार दिवसांआड पाणी येतं, ते रोज कसं आणणार, कधी आणणार, नेमकं सांगा. अकराच्या अकरा प्रश्न असेच होते.

मतदानाला आठ दिवस होते. कोणाची तक्रार आली नव्हती. गप्प बसलं असतं तर आयुष्यभर कमावलेलं नाव शाबूत राहिलं असतं. बोललं असतं तर तेच नाव चारचौघांत स्वतःच्या हाताने पुसावं लागलं असतं. अच्युतरावांना दिवसभर अन्न गोड लागलं नाही. संध्याकाळी मात्र त्यांनी दोघांनाही निरोप धाडला की मुलाखत पुन्हा घ्यायची आहे.

"अहो, झाली ती छानच झाली होती की," दौलतराव म्हणाले.

"तुमच्यासाठी झाली होती, म्हणूनच," अच्युतराव म्हणाले.

यमुनाताई म्हणाल्या, "पुन्हा बोलावून पुन्हा अर्ध्यावर तोडणार असाल, तर मला घरी कामं आहेत."

"या वेळी माझा हात मांडीवरून हलणार नाही, ताई," अच्युतरावांनी शब्द दिला.

मुलाखत सुरू झाली. अच्युतराव आधी गावाला म्हणाले, "मागच्या वेळी मी एकाला पाहुण्यासारखं वागवलं आणि एकीला आरोपीसारखं. चूक माझी आहे. आज दौलतरावांचे प्रश्न यमुनाताईंना आणि यमुनाताईंचे दौलतरावांना."

पाण्याचा प्रश्न ऐकून दौलतराव गडबडले. त्यांनी कपाळाचा घाम टिपला. मग त्यांचं लाघवी बोलणं गळून पडलं आणि ते सरळ म्हणाले, "जुनी पाइपलाइन ओढ्यापाशी फुटते. ती बदलायला दोन उन्हाळे लागतील. त्याआधी रोज पाणी देतो म्हणालो, तर ते खोटं ठरेल." असं नेमकं बोलताना त्यांना गावाने कधी ऐकलं नव्हतं.

यमुनाताईंना त्यांचं स्वप्न विचारलं. असं त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तालुक्याला नेताना बाई वाटेतच बाळंत झाली, असं मला या गावात पुन्हा ऐकायचं नाही." अच्युतरावांना वाटलं, मागच्या वेळी आपण ह्या बाईंना पाहिलंच नव्हतं. आणि दौलतरावांनाही नाही.

दुसऱ्या दिवशी ते घराबाहेर पडले. आता लोक तोंडावर काय म्हणतील, या धास्तीने त्यांनी मागची गल्ली धरली. तिथे भाजी विकणाऱ्या सखूमावशी बसल्या होत्या. त्यांनी हाक मारली तेव्हा अच्युतराव मान खाली घालूनच थांबले.

"मावशी, तुम्हीही बोला काय बोलायचं ते."

"काय बोलायचं? तुमचा कल कुठं होता ते गावाला त्याच दिवशी दिसलं होतं," सखूमावशी मेथी निवडत म्हणाल्या. "तुम्हाला कधी दिसतंय, एवढीच वाट बघत होतो. बरं झालं, लवकर दिसलं. तुमच्यावरचा विश्वास उठायला आला होता, तो राहिला."

अच्युतरावांच्या छातीवरचा दगड उतरला. जे नाव जाईल म्हणून ते घाबरले होते, ते आधीच जायला निघालं होतं, आणि कबुली दिल्यामुळेच ते राहिलं होतं. त्यांनी मोकळा श्वास घेतला आणि मोठ्या रस्त्याने घरी गेले.

तात्पर्य: प्रश्न मोजून सारखे विचारले म्हणजे न्याय झाला असं नाही. आपला कल जगाला आधी दिसतो आणि आपल्याला शेवटी. दिसेल तेव्हा तो उघडपणे कबूल करणाऱ्याचं नाव बुडत नाही, लपवणाऱ्याचं बुडतं.