हा घास गुडगुडचा

रेवूच्या पोटात राहायचा एक जंतू. टिल्लू त्याचं नाव. वाईट नाही हं, अगदी गुणी जंतू! आतड्याच्या भिंतीला चिकटून बसायचा.

एक दिवस काय झालं? भिंतीची जुनी वीट निखळली. टुपुक! टिल्लूची जागाच गेली. आता बिचारा वाहून जाणार की हो! इकडे रेवूचं पोट कुरकुरायला लागलं.

"भिंतबाई, भिंतबाई, मला जागा दे."

"कुठून देऊ रे बाळा? आधी नवी वीट आण."

टिल्लू निघाला. लुटुलुटु, लुटुलुटु. भिंतीतल्याच एका खळग्यात बसली होती गवंडीणमावशी. विटा करायचं काम तिचं.

"मावशी, मावशी, वीट दे. वीट भिंतीला. मग भिंत मला जागा देईल."

"अरे, उपाशीपोटी विटा होतात का? आधी खाऊ आण."

लुटुलुटु, लुटुलुटु. पुढे भेटला आचारीदादा. तोही जंतूच, पण चांगला ढोल्या.

"दादा, दादा, खाऊ दे. खाऊ मावशीला. वीट भिंतीला. मग भिंत मला जागा देईल."

"चुलीवर काहीच नाही रे राजा. आधी भाजी आण. धागेवाली हवी!"

भाजी कुठे होती? वर, रेवूच्या ताटात. गवारीची! बाबा भरवत होते. वरणभाताचा घास काऊचा झाला. चिऊचाही झाला. आता भाजीची पाळी. रेवूने तोंड गच्च मिटलं.

"हा घास कुणाचा? नाव सांग, तरच खाईन."

बाबांना नावच सुचेना. टिल्लूने खालून जीव खाऊन हाक मारली,

"रेवू, रेवू, भाजी दे. भाजी दादाला. खाऊ मावशीला. वीट भिंतीला. मग भिंत मला जागा देईल."

एवढासा त्याचा आवाज! बाहेर ऐकू आलं नुसतं, गुडगुड!

"अय्या! बाबा, पोटात कोण बोललं?"

"अगं, हा तर गुडगुड! भुकेला दिसतोय."

"मग हा घास गुडगुडचा!"

आऽऽ... गट्टम्!

भाजी आली दादाला. रटरट, रटरट! खाऊ गेला मावशीला. थापथाप, थापथाप! वीट बसली भिंतीला. भिंतीने टिल्लूला जागा दिली.

"बस रे बाळा. तुझ्यामुळे मी सावरले."

"भिंतबाई, मावशी, दादा, रेवू, तुम्ही सगळे होतात म्हणून!" टिल्लू म्हणाला आणि घट्ट चिकटून बसला. पोटाची कुरकुरही थांबली.

दुसऱ्या दिवशी बाबांनी घास उचलला. "हा घास काऊ..."

"थांब ना बाबा!" रेवूने पोटावर हात ठेवला. "आधी गुडगुडचा."