शास्त्रीबुवांची युती

वेणू लग्न होऊन राजापुरात आली त्याला महिनाही झाला नव्हता, तोच भास्करशास्त्र्यांनी तिची पत्रिका पाहून कपाळाला हात लावला.

"गोदाक्का, सुनेच्या दुसऱ्या स्थानात शनी-मंगळाची युती! तेच धनाचं घर आणि तेच वाणीचं. ही बोलेल तसतशी तुमची लक्ष्मी जाईल. बारा वर्षं मौन पाळायला लावा, नाहीतर माहेरी धाडा."

सासूबाईंचा चेहरा उतरला. वेणू मुळात अबोल. पण गप्प राहणं वेगळं आणि गप्प बसवणं वेगळं. तिने पदर सावरून विचारलं, "बुवा, आपल्या दुसऱ्या स्थानी काय आहे?"

"गुरू-बुध!" शास्त्रीबुवा फुलले. "आमचा शब्द आजवर खोटा पडलेला नाही."

वेणू लगेच त्यांच्या पायांशी वाकली. "मग आशीर्वाद द्या, माझ्या बोलण्याने या घराची भरभराट होवो."

शास्त्रीबुवा घाईघाईने पत्रिकेची गुंडाळी करू लागले.

"द्या की बुवा," गोदाक्का म्हणाल्या, "वाकलेल्या नव्या नवरीला असं ताटकळत ठेवतात का?"

"तथास्तु," शास्त्रीबुवा कसेबसे पुटपुटले.

"आता बोल गं बाई, पोटभर बोल!" सासूबाई म्हणाल्या.

वेणू नुसती हसली. तिचं बोलून झालं होतं.