केरूचा दगड

बसा मंडळी, पण या दगडावर नको. अहो दादा, तुम्हालाच म्हणतोय, उठा! मोकळी दिसली जागा की टेकायचं, असं नसतं. शेजारी एवढी फरशी पडलीय की. आणि तुमची बहीण गाडीपाशीच का उभी? दुखवटा आहे, देवळात चालत नाही म्हणताय? बरं. आधी गोष्ट ऐका.

मी इथला गुरव, पांडबा. घळजाईची पूजा आमच्या घराण्याकडं. जत्रेला आलेला जो तो विचारतो, सनईवाल्यांच्या अगदी पुढ्यातला हा एकच दगड रिकामा का? त्याचं कारण फार जुनं आहे.

या जागी केरू कुंभाराचं घर होतं म्हणे, आणि हा दगड त्याच्या दारात. बायको लवकर गेलेली, गोदी नावाची एकुलती लेक. देवळात हैबती रोज संध्याकाळी सनई वाजवायचा आणि केरू त्या लयीवर चाक फिरवायचा. हैबतीनं सूर उगाच लांबवला, की केरू आतून ओरडायचा, "हैबत्या, रेंगाळू नको रे! माझं मडकं बसतंय!" मग गोदी खदखदून हसायची, आणि तिच्यामागं सगळी आळी.

एका साली गोदी तापानं गेली.

दुखवट्याच्या दारावरून वाजंत्री न्यायची नाही, ही जुनी रीत. केरूचं घर देवळाला लागूनच, म्हणून गावानं संध्याकाळची सनईसुद्धा बंद केली. वाईट कुणाच्या मनात नव्हतं हो. बापाच्या जखमेवर मीठ नको, एवढंच. पण केरू बोलेना, चाकाला हात लावेना. शेजारणी भाकरी ठेवायच्या, ती तशीच वाळून जायची. थंडी सरेस्तोवर माणसाचा नुसता सापळा उरला. हा काही यंदाची जत्रा बघत नाही, असं लोक कुजबुजायला लागले.

हैबतीला राहवेना. त्यानं पाटलांना विचारलं, "एकदा वाजवू का त्याच्या दारात?"

"खुळा का काय तू? दुखवट्याच्या दारी सनई?" पाटील म्हणाले. "वाजवलीस, तर देवीपुढचा मान गेला म्हणून समज."

मान बापजाद्यांचा, पोटही त्याच्यावरच. हैबती तसाच माघारी फिरला.

जत्रेचा दिवस उजाडला आणि पालखी उठेना! असं सांगतात की भोई बदलले, नारळ फोडले, पाटलांनी स्वतः खांदा दिला, पण पालखी जागची हलेना. तेव्हा आमच्याच घरातली एक म्हातारी बोलली, "दाराशी लेकरू उपाशी मरतंय, आणि आई मिरवायला निघेल होय रे?"

हैबतीनं ते ऐकलं. मानाचं पागोटं काढून देवीच्या पायरीवर ठेवलं, केरूच्या दारात जाऊन उभा राहिला आणि रोजचाच सूर धरला. आत काही हालचाल नाही. वाजवता वाजवता त्याला गोदीचं हसणं आठवलं. दम पुरेना, सूर लांबला आणि फाटला.

तशी आतून घोगरी हाक आली, "हैबत्या... रेंगाळू नको रे."

सगळं गाव रडलं म्हणतात. केरू भिंत धरत बाहेर आला, या दगडावर बसला आणि लेकीच्या नावानं त्यानं हंबरडा फोडला. इतके महिने तो रडलाच नव्हता. हैबती वाजवत राहिला. हळूहळू रडणं ओसरलं आणि केरूचा हात मांडीवर ठेका धरायला लागला. उन्हं उतरली तेव्हा तो म्हणाला, "दुःख आहे तिथंच आहे रे. पण भूक लागली."

तिकडं पालखी फुलासारखी उचलली गेली. पाटलांनी पागोटं आपल्या हातानं हैबतीच्या डोक्यावर ठेवलं.

आजही या गावात दुखवट्याच्या घराला जत्रा बंद नसते. सालात ज्याचं कुणी गेलं असेल, त्याला मानानं आणून इथं बसवतात. दगडावर माणूस बसल्याशिवाय सनईवाला सनई ओठाला लावत नाही. आणि हा रिकामा राहिला, असं साल अजून आलेलं नाही.

गेल्या साली मी बसलो होतो. आमची मंडळी गेली तेव्हा. पहिल्या सुराला वाटलं, उठावं आणि घरी जावं. मग रडलो, चांगला चारचौघांत. पुढं मान कधी डोलायला लागली, कळलंच नाही. लाज वाटली हो, ती गेली आणि आपण डोलतोय. पण घरी जाऊन पिठलं टाकलं, पोटभर जेवलो.

यंदा सकाळपासून मी बघतोय, इथं अजून कुणी बसलेलं नाही. ते बघा, सनईवाले येऊन बसलेत.

जा दादा, बहिणीला घेऊन या. म्हणावं, तुझ्यासाठी थांबलेत.