पालथा पेला

एकदा एका शिष्याला तहान लागली होती, आणि त्या तहानेखेरीज बाकी सगळ्या गोष्टींवर गाव वाद घालत होतं.

शिष्य मुष्टियोद्धा होता. त्या बाजारपेठेच्या गावात, बंद पडलेल्या तेलगिरणीच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक वृद्ध गुरू मुष्टियुद्ध शिकवीत. गाव त्यांना वस्ताद म्हणे. बोलणं मोजकं, आणि रागावले तरी आवाज चढत नसे. हा शिष्य त्यांचा सर्वांत हलका आणि सर्वांत चपळ गडी. वजन एक्कावन्न किलो. समोरच्याला त्याचा ठोसा आधी लागे आणि दिसे मागाहून.

वादाची जागा म्हणजे गजूचं सलून. तिथे दाढी करायला येणाऱ्यांपेक्षा मुष्टियुद्धावर बोलायला येणारेच अधिक, आणि तेही केवळ हलक्या वजनांवर. "जड गडी म्हणजे दोन बैल एकमेकांना रेटतात. विद्या बघायची तर हलक्यांत," असं निवृत्त मास्तरांचं मत होतं, आणि ते रोज नव्याने व्यक्त होई.

"अठ्ठेचाळीस किलोचा विजेतेपदाचा पट्टा त्या डावखुऱ्याकडे," कापडाचे व्यापारी असलेले शेठ म्हणत, "आणि आपला पैलवान एक्कावन्नात. या दोघांची गाठ पडत नाही, हे केवढं दुर्दैव!"

"डावखुऱ्याने वर यावं की मग," मास्तर खुर्चीतून म्हणत.

"तो कशाला येईल? पट्टा त्याच्या कमरेला आहे. आपल्याने खाली जावं. तीन किलो म्हणजे किती हो? लग्नाच्या शालूंचं एक गाठोडं!"

"नाही, नाही. त्यापेक्षा चोपन्नवाला उंच गडी..."

"मास्तर, मान हलवू नका," गजू म्हणे. "वस्तरा आहे हातात. आणि मला विचाराल तर जोड डावखुऱ्याशीच. जमली तर मी त्या दिवशी सगळ्यांची दाढी फुकट करीन."

जोड लावणाऱ्यांचा उत्साह स्थळं सुचवणाऱ्यांसारखा असतो. उंची पाहायची, हाताची लांबी पाहायची, घराणं पाहायचं, आणि "शोभतात एकमेकांना" म्हणून मोकळं व्हायचं. जमवणारे जेवून आपापल्या घरी जातात, नांदायचं मात्र एकीलाच असतं, हे त्या घाईत कुणाच्या लक्षात राहत नाही.

शिष्य कोपऱ्यातल्या बाकावर बसून हे सारं ऐके. 'आपला पैलवान' हा शब्द त्याला गुळासारखा लागे. त्यामुळे लढती भरवणारे संयोजक गावात आले आणि म्हणाले, "येत्या रविवारी चार वाजता वजन घेऊ. अठ्ठेचाळीसात बसलास तर दुसऱ्या दिवशी डावखुऱ्याशी पट्ट्याची लढत. नाही बसलास तर एक्कावन्नाच्या रांगेत उभा राहा, पाळी येईल तेव्हा येईल," तेव्हा त्याने तिथेच, सलूनमध्येच, होकार दिला. गुरूंना त्याने नंतर सांगितलं.

गुरू म्हणाले, "बरं."

एवढंच. शिष्याने रागाची तयारी ठेवली होती, त्या 'बरं'ची नव्हती.

मग शिष्य स्वतःला वाळवू लागला. भाकरी सुटली, मीठ सुटलं, अखेरीस पाणीही सुटलं. हलक्या माणसाच्या अंगावर टाकून देण्यासारखं फारसं काही नसतं, म्हणून तो पाणीच टाकत होता. अंगात दोन स्वेटर, वर प्लास्टिकचा कोट, आणि चैत्राच्या उन्हात तापलेल्या पत्र्याखाली दोरीवरच्या उड्या. गुरू रोज त्याच्या समोर स्टुलावर बसत. त्याचा श्वास मोजत, डोळे पाहत, आणि काही बोलत नसत.

रविवार उजाडला. सकाळी काट्यावर अर्धा किलो जास्त भरला. दुपारी सलूनमधली त्रिमूर्ती उत्साहाने शेडमध्ये आली. शेठांनी पेढ्यांचा पुडासुद्धा आणला होता.

"या," गुरू म्हणाले. त्यांनी शेडचं दार लावून घेतलं, आणि कोपऱ्यातला माठ उचलून मधोमध आणून ठेवला. वर झाकण, झाकणावर पितळी पेला. "ही जोड तुम्ही लावलीत. आमच्या तालमीचा एक नेम आहे. जो जोड लावील त्याने गड्याचं पथ्य पाळायचं. वजन होईपर्यंत इथेच बसा. वाद घाला, हवा तेवढा घाला. फक्त पाणी नाही. मीही पिणार नाही."

"एवढंच ना!" शेठ हसले. "वस्ताद, आम्ही एकादशीवाले."

"एकादशीला खिचडी दोनदा असते, शेठ," गजू म्हणाला, आणि सगळे हसले. शिष्य हसला नाही. त्याच्या ओठांना भेगा पडल्या होत्या, हसलं की त्या उकलत. असला नेम त्याने आजवर कधी ऐकलाही नव्हता. त्याची नजर माठावरून सरकणाऱ्या थेंबावर खिळली होती, आणि आज, नेमका आज, गुरूंनी हा माठ त्याच्यासमोर का आणून मांडला, हे त्याला कळेना.

वाद सुरू झाला. डावखुऱ्याचा उजवा पाय पुढे असतो, तेव्हा आपल्याने बाहेरच्या बाजूने फिरावं असं मास्तर म्हणाले. आत घुसून बरगड्या गाठाव्यात, असं गजू म्हणाला. पत्रा तापत गेला. दोरीचा आवाज एका लयीत येत होता, मग लय तुटू लागली.

"बरगड्या म्हणजे..." मास्तर थांबले. जीभ टाळूला चिकटली होती. "म्हणजे... राहू दे."

शेठांनी उपरणं डोक्यावरून घेतलं. पेढ्यांचा पुडा त्यांनी मांडीवरून उतरवून लांब ठेवला, त्या गोड वासानेच घसा अधिक कोरडा पडत होता. थोड्या वेळाने कुणीच बोलेना. गजू हळूच म्हणाला, "चोपन्नवाल्याचं काय झालं हो?"

"खड्ड्यात गेला चोपन्नवाला," शेठ म्हणाले, आणि माठाकडे हात नेला.

गुरू उठले. त्यांनी स्वतः पेला भरून शेठांच्या हातात दिला. मग मास्तरांना दिला, मग गजूला. टोमणा नाही, हसू नाही. फक्त विचारलं, "आता सांगा. जोड कुणाशी?"

शेठ रिकाम्या पेल्याकडे पाहत राहिले. "वस्ताद," ते खालच्या आवाजात म्हणाले, "एक्कावन्नच बरं."

दोरी थांबली. "वा!" शिष्य ओरडला, पण आवाज फाटका आला. "माझ्यासमोर घटाघटा प्यायलात आणि आता एक्कावन्न बरं? इतके दिवस मी थुंकी गिळली नाही, ती कुणासाठी? वस्ताद, तुम्हाला मी जिंकायला नको होतं, तर पहिल्या दिवशी सांगायचं!" आणि तो काट्याकडे निघाला.

तेवढ्यात दार वाजलं. संयोजक आले होते. त्यांनी घड्याळ पाहिलं. "चला, चढ."

शिष्य चढला. काटा डगमगला, स्थिर झाला. अठ्ठेचाळीस, आणि वर किंचित.

"थोडंच राहिलंय," संयोजक म्हणाले. "थोडा वेळ देतो. आणखी घाम काढ."

शिष्याने पुन्हा दोरी उचलली. चार उड्या मारल्या आणि पाचवीला त्याचे पाय दोरीत अडकले. गुरू जवळ आले. त्यांनी आपला तळवा त्याच्या कपाळावर ठेवला, मग मानेवर, मग तो तळवा त्याच्याच डोळ्यांपुढे धरला. तळवा कोरडा होता.

"घाम थांबला, बाळा," गुरू म्हणाले. "आता तू वजन टाकत नाहीस. आता तू स्वतःला टाकतोयस."

त्यांनी पेला भरला आणि रिकाम्या काट्यावर ठेवला. काटा जेमतेम हलला.

"पट्ट्याच्या आणि तुझ्या मध्ये एवढंच आहे," गुरू म्हणाले. "प्यायलास तर आजची लढत गेली. नाही प्यायलास तर कदाचित मिळेल. मग उद्या डावखुरा तुझ्या डोक्यावर मारील. डोक्याच्या आतही पाणी असतं, पोरा. मेंदू त्यावर तरंगतो म्हणून ठोसा सोसतो. तू ते पाणीही सुकवून चालला आहेस. गडी भिजलेला असला की पडतो आणि उठतो. सुकलेला गडी पडतो तेव्हा काय होतं, ते सलूनमध्ये कुणी बोलत नाही. मी अडवणार नाही. पेला तुझ्यासमोर आहे."

"पण आधी का नाही सांगितलंत?" शिष्याच्या डोळ्यांत रडू होतं, पण त्यालाही पाणी लागतं.

"गावात शंभर मतं होती. मी बोललो असतो तर ते एकशे एकावं झालं असतं, आणि म्हाताऱ्याचं म्हणून सगळ्यांत शेवटचं. म्हणून रोज समोर बसलो, वेळ आली तर झेलायला. तहानेला मात्र कुणी मत म्हणत नाही. ती या तिघांना अर्ध्या दुपारात कळली. ज्यांच्यासाठी तू वाळलास, त्यांचा निकाल तू आत्ताच ऐकलास. आता तुझा दे."

शिष्याने शेठांकडे पाहिलं. शेठ जमिनीकडे पाहत होते. मास्तरांनी चष्मा काढला होता, आणि गजूने तोंड दाराकडे वळवलं होतं. मग त्याने माठाकडे पाहिलं. गुरूंनी अजून एक थेंबही घेतलेला नाही, हे त्याच्या तेव्हा ध्यानात आलं.

त्याने काट्यावरून पेला उचलला, आणि तो आधी गुरूंपुढे धरला. "तुम्ही आधी, वस्ताद."

"तू पी. मग मी."

तो घोटाघोटाने प्यायला. संयोजकांनी खांदे उडवले आणि डावखुऱ्यासाठी दुसरा गडी शोधायला निघून गेले. मग गुरू प्यायले, आणि शेडमध्ये माठात पेला बुडवल्याचा आवाज येत राहिला.

पुढे एक्कावन्नाच्या रांगेत त्याची पाळी आली आणि तो पट्ट्यासाठी लढला. त्या लढतीबद्दल गावात तीन जणांना विचाराल तर चार मतं मिळतील. तो स्वतःच्या पायांनी चालत घरी आला, एवढ्यावर मात्र सगळ्यांचं एकमत आहे.

गजूच्या सलूनमध्ये वाद अजूनही होतात. पण कुणी "अमक्याने तमक्याशी लढावं" म्हणू लागला की शेठ न बोलता त्याच्यासमोरचा पाण्याचा पेला पालथा घालतात. वाद पूर्वीइतकेच रंगतात, पण आटोपतात लवकर.

दुसऱ्याची जोड लावायला बसताना आपला पेला आधी पालथा घालावा.