सिनेमाचा शेवट

"सोसायटीच्या वायफायवरून टिपणीसबाईंनी चोरून पोर्तुगीज सिनेमा उतरवला!" भरसभेत सेक्रेटरी कारखानीस गरजले. "आपल्या देशात तो कुठेच बघायला मिळत नाही. माझी सगळ्यांवर नजर असते. फक्त फाइलींची नावं बघतो हं, उघडत नाही कुणाचं काही."

दिवसभर शाळेत घसा फोडून आलेल्या टिपणीसबाईंच्या अंगात वाद घालायचं त्राण नव्हतं.

"उतरवला खरा," त्या जांभई देत म्हणाल्या, "पण अर्ध्यातच डोळा लागला. शेवटी ती बिचारी नवऱ्याकडे परत जाते का हो?"

"छे! बोटीत बसून एकटीच निघून जाते," कारखानीस म्हणाले आणि त्यांनी जीभ चावली.

सभेतल्या एकेकाने फोन काढून वायफाय बंद केलं.

टिपणीसबाईंनी पिशवी उचलली. "फाइलीच्या नावावरून एवढं कळतं होय! बरं झालं. आता झोपते."