पहाऱ्यातलं मशीन

“मशीन दुरुस्त करून पाहिजे, का कुणाचं नाव पाहिजे?”

दस्तगीर उस्तादांनी हे विचारलं तेव्हा विहंग आरवाडे हातातला सीपीयू टेबलावर ठेवतच होता. सांगलीपासून मिरजेपर्यंत त्यानं तो रिक्षात मांडीवर धरून आणला होता. वाटेत एका खड्ड्यात गाडी आदळली, तेव्हा रिक्षावाल्याकडंही त्यानं संशयानं बघितलं होतं.

“नाव,” विहंग म्हणाला. “दुरुस्तीचं नंतर बघू.”

उस्ताद नुसतं हसले.

त्यांचं घराणं सतारी करणारं. पुढच्या खोलीत त्यांचा भाऊ अजून भोपळे कोरत बसतो. मागच्या खोलीत उस्तादांनी कॉम्प्युटर मांडले आणि गेम खेळणारी पोरं घडवली. कसं बसायचं, नजर कुठं ठेवायची, स्वतःचा खेळ रेकॉर्ड करून आपल्याच चुका कशा शोधायच्या, हे त्या भागातल्या पोरांनी त्यांच्याकडूनच उचललं. विहंग हा त्यातला सगळ्यात तेज. हे त्याला माहीत होतं, आणि इतरांना तो ते विसरू देत नसे.

“बोल.”

विहंगनं सांगितलं. राज्य पातळीवरच्या स्पर्धेत तो आणि त्याचा जोडीदार तेजपाल चौगुले उपांत्य फेरी जिंकले. हरलेल्या जोडीनं तक्रार केली, की विहंग चोरीचं सॉफ्टवेअर वापरतो, त्याला भिंतीपलीकडचा माणूस दिसतो. आयोजकांनी कळवलं, एक अख्खा सामना तुझ्याच मशीनवर रेकॉर्ड करून पाठव. तुझा नेम तसाच दिसला तर तक्रार मिटली. नाहीतर अंतिम फेरी विसर.

“मग पाठव की.”

“तिथंच गोम आहे, उस्ताद. नुसता खेळलो की गेम पाण्यासारखा वाहतो. रेकॉर्डिंग लावलं की फ्रेम पडतात. चित्र अडखळतं. समोर माणूस दिसतो आणि मी गोळी झाडेपर्यंत तो तिथं नसतोच. असलं रेकॉर्डिंग पाठवलं तर ते म्हणणार, बघा, चोरी थांबली आणि याचं पितळ उघडं पडलं.”

“हं...”

“हे कुणीतरी मुद्दाम केलंय. माझ्याशिवाय या मशीनला एकाचाच हात लागलाय.”

“कुणाचा?”

“तेजपालचा.”

पुढच्या खोलीत भावानं तार छेडली. जमली नसावी. त्यानं खुंटी पिळली आणि पुन्हा छेडली.

“जोडीतून काढला त्याला,” विहंग म्हणाला. “घरी आला होता. उंबऱ्यावरूनच परत पाठवला.”

उस्तादांनी पेचकस घेतला आणि सीपीयूवर वाकले. प्रत्येक स्क्रूवर लाल ठिपका होता.

“हे काय?”

“बहिणीचं नेलपेंट. कुणी उघडलं तर रंग तुटेल.”

उस्तादांनी पेचकस खाली ठेवला.

“मग नको उघडायला. आधी चालवून बघू.”

ते मॉनिटरची केबल आणायला गेले. तेवढ्यात विहंगनं आपला फोन टेबलावरच्या एका डब्याला टेकवून उभा केला आणि कॅमेरा सुरू केला. उस्तादांवर अविश्वास आहे असं नाही, हे त्यानं स्वतःला बजावलं. पण तेजपालही याच खोलीत शिकला होता. ईदला दोघं बरोबरच शिरखुर्मा खायला यायचे, आणि तेजपालच्या वाटीत उस्ताद दोनदा वाढायचे. त्यांनी त्याची बाजू घेतली तर? एखादी खूण पुसून टाकली तर?

उस्ताद आले. त्यांना फोन दिसला.

त्यांनी टेबलावरचा दिवा उचलला, आपल्या हातांवर उजेड पडेल असा वळवून ठेवला.

“आता नीट दिसेल,” ते म्हणाले.

विहंगचे कान तापले. फोन मात्र त्यानं उचलला नाही.

“खेळ.”

तो खेळला. गेम सुरेख चालला.

“आता रेकॉर्डिंग लाव.”

त्यानं लावलं, आणि पडदा गचके खाऊ लागला. विहंगनं रागानं उस्तादांकडं बघितलं, पण त्यांचं लक्ष गेमकडं नव्हतं. पडद्याच्या कोपऱ्यात हिरवे-पिवळे आकडे लुकलुकत होते, तिकडं ते बघत होते.

“हे आकडे कसले?”

“प्रोसेसर किती तापला ते.”

“आणि हे?”

“ग्राफिक्स कार्डावर ताण किती ते.”

“त्याच्याखाली?”

“इंटरनेटवरून मशीनमध्ये कोण येतंय-जातंय ते.”

“अजून काय काय चालू आहे?”

विहंग जरा घुटमळला. “एक प्रोग्राम आहे. तो प्रत्येक नव्या फाइलची झडती घेतो.”

“रेकॉर्डिंगच्या फाइलची पण? ती लिहिली जात असताना?”

“तिचीच तर आधी घेतो.”

“अजून?”

“अजून एक रेकॉर्डर आहे. तो कायम सगळा पडदा टिपत असतो. मी नसताना कुणी मशीनवर बसलं तर कळावं म्हणून.”

“म्हणजे तू रेकॉर्डिंग लावतोस तेव्हा...”

“दोन चालतात.”

“झालं?”

“आणि एक... या सगळ्यांपैकी कुणाला कुणी बंद पाडलं, तर तो मला सांगतो.”

उस्तादांनी त्या आकड्यांवरून नजर काढली. मग त्यांनी विचारलं, “एवढे पहारेकरी जेवतात कुणाच्या घरी?”

विहंगला उत्तर कळत होतं, म्हणूनच राग आला.

“पण हे सगळे मी नंतर टाकले. फ्रेम आधीपासून पडत होत्या.”

“एवढ्याच?”

“एवढ्या नाही... पण पडत होत्या.”

उस्तादांनी माउस हातात घेतला. प्रत्येक प्रोग्रामवर थांबून ते विचारायचे, “बंद करू?” आणि विहंगनं मान हलवल्याशिवाय पुढं जायचे नाहीत. दुसऱ्या रेकॉर्डरपाशी विहंगची मान हललीच नाही. उस्ताद थांबून राहिले. घाई नसल्यासारखे.

“...करा,” शेवटी विहंग म्हणाला.

पुन्हा रेकॉर्डिंग लावलं. बराच फरक पडला होता. पण ऐन लढाईत चित्र अजून अडकत होतं.

“बघा,” विहंग म्हणाला. “म्हटलं नव्हतं? आत अजून काहीतरी आहे.”

त्याच्या आवाजात समाधान होतं. आपलं मशीन बिघडलेलं असल्याचं समाधान. ते त्याचं त्यालाच ऐकू आलं आणि नकोसं वाटलं.

उस्तादांनी रेकॉर्डरच्या सेटिंग उघडल्या. व्हिडिओ तयार करायचं सगळं काम प्रोसेसरच्या डोक्यावर होतं, आणि गेमचा भारही त्याच्याच डोक्यावर. फाइलही, गेम ज्या डिस्कवर होता, त्याच डिस्कवर लिहिली जात होती.

“हे असं कुणी ठेवलंय?”

विहंग पुढं सरकला. या प्रश्नाची तो सकाळपासून वाट बघत होता.

“ही माझी मूळची सेटिंग. तेजपालनं ती बदलली होती, मी पकडली. रेकॉर्डिंगचं काम त्यानं प्रोसेसरकडून काढून ग्राफिक्स कार्डाकडं दिलं होतं आणि फाइल दुसऱ्या डिस्कवर वळवली होती. मला न विचारता. आता दुसऱ्या डिस्कवर कशाला, तुम्हीच सांगा. ती डिस्क काढून नेता येते, म्हणून. मी सगळं होतं तसं केलं.”

“त्यानं बदललं आणि तू पालटलंस, याच्यामध्ये कधी रेकॉर्डिंग लावून बघितलंस?”

विहंगनं तोंड उघडलं...

“नाही.”

ग्राफिक्स कार्डात व्हिडिओ तयार करायला एक वेगळा भाग असतो. तो वापरला तर प्रोसेसर खेळायला मोकळा राहतो. हे विहंगला कुणी नव्यानं सांगायची गरज नव्हती. याच खोलीत शिकताना त्यानं ते ऐकलं होतं. तेजपाल शेजारीच बसला होता.

उस्ताद खुर्चीवरून उठले.

“बस. तुझ्या हातानं कर. त्यानं केलं होतं तसं.”

विहंग बसला. तेजपालनं काय काय बदललं होतं ते त्याला पाठ होतं. कित्येक दिवस त्यानं त्याची पुरावा म्हणून उजळणी केली होती. आता तो ते एकेक करून परत जागेवर ठेवू लागला. 

रेकॉर्डिंग लावलं. सामना सुरू केला.

एक अख्खा सामना तो खेळला. चित्र कुठंही अडलं नाही. भिंतीआडून पहिला माणूस निघाला तेव्हा विहंगचा नेम नेहमीसारखा त्याच्यावर होता. दुसऱ्यावरही. मग फाइल लावून दोघांनी ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघितली. तीही स्वच्छ होती. आयोजकांना बोट ठेवायला जागा नव्हती.

विहंगनं मागं टेकून डोळे मिटले. डोळ्यांपुढं उंबऱ्यावर उभा असलेला तेजपाल आला. “एकदा रेकॉर्डिंग लावून तर बघ,” असं तो म्हणाला होता. विहंगला ती धमकी वाटली होती. त्यानं दार लावून घेतलं होतं, आणि कडी घालताना मुद्दाम आवाज केला होता.

उस्ताद सीपीयूची केबल सोडवत होते.

“आज पाठव हे,” ते म्हणाले. “अंतिम फेरीला जोडीदार कोण?”

“बघतो कुणीतरी.”

“कुणीतरी...”

विहंग उठला नाही. मनातलं त्याला गिळता येईना.

“उस्ताद, एक विचारू? सेटिंग बरोबर होती, मान्य. पण तेजपालनं ते माझ्या भल्यासाठीच केलं, हे कशावरून? सहज बोट लागलं असेल. नाहीतर वेगळाच डाव असेल आणि तो चुकून माझ्या फायद्याचा निघाला असेल. नुसतं मानायचं कसं? काहीतरी पुरावा पाहिजे ना.”

उस्तादांनी केबलची गुंडाळी केली. ती नीट बसेना. सोडली, पुन्हा केली.

पुढच्या खोलीतला भाऊही थांबला होता. 

“विहंग,” उस्ताद म्हणाले, “तुझ्यावर चोरीचा आळ आला... त्या दिवशी तुझं खरं मानायला तेजपालनं तुझ्याकडं कुठलं रेकॉर्डिंग मागितलं होतं?”